मुळाचे देणे

हरभऱ्याच्या रानातून पहाटे धोतर भिजवून आलेला माणूस आंब कशी असते ते जाणतो. आमच्या हदगावकडे जुनी माणसे दहिवरात पिकावरून पंचा फिरवीत आणि पिळून ठेवीत. पोटदुखीला थेंबभर पुरे होई.

हेच आंबटपण खाली अंधारात मुळेही पाझरीत असतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आपल्या काळ्या जमिनीतले स्फुरद चुन्याशी जखडलेले असते. मुळाच्या रसाने ते सुटते आणि पिकाला मिळते. तुरीचे मूळ तर तांबड्या जमिनीत लोखंडाने धरून ठेवलेले स्फुरद सोडविते. पाटणचेरूचे ते संशोधन 1990 साली प्रसिद्ध झाले.

आता आपण म्हणू, वाहवा, मूळ किती परोपकारी! पानांनी उन्हात कमावलेले मातीला वाटते, मगच घेते. कीर्तनात दृष्टांताला हे सोपे पडते. पण माउली, जरा थांबा. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा सत्त्वांश चिकणमातीच्या कणांना बिलगून वर्षानुवर्षे टिकतो, तिथे जंतूंचे तोंड पोचत नाही. ऑक्झॅलिक आम्ल मुळाच्या रसातही असते. त्याने ही मिठीदेखील सुटते, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. मिठी सुटली की जंतू तो अंश खातात, आणि बराचसा हवेत जातो. म्हणजे देता देता मूळ आजोबांच्या वेळचे पेव उघडते!

मग हे दान म्हणावे की उधळपट्टी? मला वाटते, देण्याच्या घडीला याचा निवाडा होत नाही. मूळ पेव उघडून पळून जात नाही. तिथेच मरते, तिथेच कुजते, आणि त्याचा अंश पुन्हा मातीच्या कणांना बिलगतो. वरून पडलेल्या पाल्यापेक्षा मुळातून आलेला अंश जास्त टिकतो, असे पुष्कळ ठिकाणी आढळले आहे. उघडणाराच भर घालतो, म्हणून त्याला देणारा म्हणायचे.

आणि आपण काय करतो? हरभरा मुळासकट उपटतो, पऱ्हाटीही उपटतो. बारीक तंतू मागे राहतात हे खरे, पण जाड मूळ जाते. म्हणजे पेव मुळाने उघडले, आणि भरणाऱ्याला आपण बाहेर ओढले. हा दोष मुळाच्या माथी कसा मारावा? मीही वर्षानुवर्षे उपटीतच आलो. काम झटपट उरकते ना!

यंदा हरभरा विळ्याने कापला. कंबर धरली. पऱ्हाटीचे मात्र अजून ठरत नाही. घरची चूल तिच्यावर पेटते, आणि त्या चुलीपुढे बसणारीला हे कोणत्या तोंडाने सांगू?