पत्नीचा उपचार आणि उसने नाव

काही आठवड्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीच्या ओसरीवर माझी वाट पाहत थांबला होता. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कापड कारखान्यात तो काम करतो. मूळ गाव उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात. निकाहनंतर दीड वर्षाने त्याने पत्नीला बोईसरला आणले आणि आता ती गरोदर आहे. त्याने विचारले, "मौलाना, हिचे नाव इथल्या रेशनकार्डावर नाही, भावजयीचे आहे. दोघी एकाच वयाच्या. बाळंतपणाला भावजयीच्या नावाने दाखल केले तर गुनाह होईल का?"

हा प्रश्न विचारणारा मनुष्य लबाड नव्हता. लबाड माणूस इमामाला विचारायला येत नाही. कुठल्याशा खिडकीवरून त्याला 'इथले कार्ड आणा' एवढेच ऐकवून परत पाठवले होते, आणि त्याने स्वतःच्या बुद्धीने मार्ग काढला होता. बोईसरच्या चाळींमध्ये असे मार्ग काढणारी घरे अनेक आहेत. येथील एका वस्तीचे नावच अवधनगर आहे. पुरुष कारखान्यासाठी आला, त्याचे ओळखपत्र कारखान्याने केले. मागून आलेल्या त्याच्या पत्नीची मात्र या गावात कोणत्याही कागदावर नोंद नाही. त्यातही ती मालदा-मुर्शिदाबादकडची असेल आणि बंगाली बोलत असेल, तर खिडकीपर्यंत जाण्याचीच तिला भीती वाटते.

प्रश्न दुहेरी आहे. पत्नीच्या उपचाराची जबाबदारी कोणाची, आणि ती पार पाडण्यासाठी खोटे नाव चालेल काय?

पहिल्या भागाविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण मदरशात ती वाचताना मी स्वतः अडखळलो होतो. आपल्या प्राचीन फिकहग्रंथांत पत्नीच्या नफक्यात अन्न, वस्त्र आणि निवारा गणला आहे. वैद्याचे शुल्क आणि औषधाची किंमत बहुतेक फकीहांनी पतीवर अनिवार्य मानलेली नाही. इब्न कुदामा यांनी तर दृष्टान्त दिला आहे की, भाड्याच्या घराचा कोसळलेला भाग बांधून देणे जसे भाडेकरूवर बंधनकारक नसते, तसेच हे आहे. त्या काळी औषधोपचार हा क्वचित येणारा आणि बेभरवशाचा प्रसंग होता. आमच्या काळातील दमास्कसचे फकीह वहबा जुहैली यांनी हे मत तपासून सांगितले की, आज उपचाराची गरज अन्नाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक मूलभूत झाली आहे. त्यांनी एक बोचरा प्रश्नही विचारला: पत्नी निरोगी असेतोवर पतीने तिच्या सहवासाचे सुख घ्यावे आणि ती आजारी पडताच उपचारासाठी तिला माहेरी पाठवावे, हा सद्व्यवहार आहे काय? वाचकहो, हा प्रश्न बोईसर स्थानकाच्या फलाटावर उभे राहून पुन्हा वाचावा. सातवा महिना लागला की किती स्त्रियांना दोन दिवसांच्या प्रवासाला गावी धाडले जाते!

मला जुहैली यांचे मत कुरआनच्या आशयाला अधिक जवळचे वाटते. सूरह तलाकमध्ये तलाक दिलेली स्त्री गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत तिच्यावर खर्च करण्याचा आदेश आहे. विवाहबंधन तुटल्यावरही जर हे कर्तव्य उरते, तर बंधन कायम असताना ते किती मोठे असेल? बद्रच्या वेळी हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषित (स.) यांनी उस्मान (रजि.) यांना तिच्या शुश्रूषेसाठी मदीनेतच थांबवले आणि युद्धात भाग घेणाऱ्याइतकाच हिस्सा दिला. आपल्याकडे एका पाळीची रजा मागायला पुरुष कचरतो.

आता उसन्या नावाकडे वळू. त्या तरुणाला मी आधी गुनाहबद्दल काही बोललो नाही, फक्त विचारले, "बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव कोणाचे लागेल?" तो गप्प झाला. जन्माची नोंद रुग्णालयाच्या कागदावरून होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. म्हणजे ते मूल आयुष्यभर कागदोपत्री काकीचे मूल राहील. ज्या शरीअतने वंशाच्या बाबतीत इतकी दक्षता घेतली की दत्तक मुलालाही त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्यास सांगितले, तिच्या अनुयायाने काही हजार रुपयांसाठी जन्मदात्रीचे नाव पुसावे? शिवाय भावजयीचा रक्तगट, तिचे पूर्वीचे सिझेरियन, तिला न मानवणारे औषध, हे सर्व एकाच नावाखाली मिसळते. उद्या चुकीची बाटली कोणाच्या शिरेत जाईल, हे कोणी सांगावे?

'अगतिकतेत निषिद्ध गोष्टही क्षम्य होते' असे तो म्हणू शकला असता. हे तत्त्व खरे आहे, पण सरळ दार बंद असेल तरच ते लागू होते. येथे दार बंद नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसुद्धा, निःशुल्क आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचारही निःशुल्क आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या खटल्यात सांगितले की, तातडीच्या वेळी उपचार न देणे हा सरकारी रुग्णालयाकडून जीविताच्या हक्काचा भंग आहे. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील हा हक्क प्रत्येक 'व्यक्ती'चा आहे. तेथे रेशनकार्डाचा उल्लेख नाही.

कार्ड लागते ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे खासगी रुग्णालयातील मोठ्या शस्त्रक्रियेसारख्या उपचारासाठी. तेथे महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला मागतात. गावचे कार्ड दाखवून येथे धान्य मिळते, पण ही योजना मिळत नाही. गावी आयुष्मान कार्ड निघालेले असेल तर ते मात्र येथील संलग्न रुग्णालयातही चालते. म्हणून पत्नीचे नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणणे, विवाहनोंदणी करणे आणि येथे नाव चढवणे, ही कामे मी नफक्याचाच भाग मानतो. कोकणातली आपली एखादी मुलगी लग्न होऊन ब्रिटनला जाते, तेव्हा व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार भरावाच लागतो. २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. गोंड्याहून बोईसरला यायला व्हिसा लागत नाही, म्हणून कागदाची आठवण प्रसववेदना सुरू झाल्यावर होते.

दोष एकट्या पतीचा नाही. इतिहासग्रंथांत प्रसंग आहे की, मदीनेबाहेर उतरलेल्या एका परक्या प्रवाशाची पत्नी प्रसववेदनांनी तळमळत होती आणि तिच्याजवळ कोणी स्त्री नव्हती. खलीफा उमर (रजि.) घरी गेले, पत्नी उम्मे कुलसूम (रजि.) यांना घेऊन आले, आणि त्या आत असताना स्वतः बाहेर चूल फुंकत बसले. बाळ झाले तेव्हा कुठे त्या प्रवाशाला कळले की हा कोण आहे. आमच्या जमाती मशिदीच्या फरशीसाठी वर्गणी काढतात. तहसील कार्यालयात एखाद्या बहिणीबरोबर जाणारी स्त्री मात्र आमच्याकडे नसते. आणि मीही उर्दूतला निकाहनामा हाती देऊन आपले काम संपले असे समजत आलो.

तो तरुण दुसऱ्या दिवशी पत्नीला आशाताईंकडे घेऊन गेला. माता-बाल संरक्षण कार्डावर तिचे स्वतःचे नाव लागले आहे. त्यांच्या निकाहनाम्याचे मराठी भाषांतर मी करून दिले. गोंड्याहून नाव कमी केल्याचा दाखला अद्याप आलेला नाही. सासरे दोनदा कोटेदाराकडे जाऊन आले.