जाब कोण देणार?

प्रोग्रॅमर मंडळी भेटली की सध्या एकच प्रश्न चघळला जातो : एआय आपल्या नोकऱ्या खाणार का? प्रश्न पोटाचा आहे, त्यामुळे त्याला क्षुल्लक म्हणायची माझी हिंमत नाही. पण वीस वर्षं कोड लिहिल्यावर मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. जो कोड मला नीट कळलेला नाही, तो केवळ ‘चालतोय ना’ म्हणून लोकांच्या हाती सोपवणं योग्य आहे का?

आधी हे सांगायला हवं की मी एआय रोज वापरते. तारखांचे फॉरमॅट बदलणं, चाचण्यांचा सांगाडा उभा करणं, असली हमाली यंत्रानं केली तर बिघडलं कुठं? हाताने कोड लिहिण्यातली कला लोपली म्हणून गळे काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. पाट्यावरची चटणी चविष्ट असते खरी. पण ती रोज वाटणाऱ्या बाईचं मत कुणी विचारलेलं नसतं.

या प्रश्नावर एक उत्तर हमखास मिळतं. ‘कंपायलर जो मशीन कोड तयार करतो, तो तरी तू कुठे वाचतेस?’ खरं आहे, नाही वाचत. पण प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे नियम ठरलेले असतात आणि कंपायलर त्यांना बांधील असतो. तो चुकला तर बोट ठेवून दाखवता येतं. एआयला आपण साध्या बोलीत काम सांगतो, तिथे असे नियम नसतात. मी जे बोललेच नाही, ते यंत्र आपल्या अंदाजानं भरून काढतं.

एक अगदी छोटं उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेला खातेदारांचं व्याज पूर्ण रुपयांत हवं आहे. हिशेब आला अडीच रुपये. शाळेत शिकल्याप्रमाणे त्याचे ३ होतात. जावास्क्रिप्टचं नेहमीचं फंक्शनही ३ देतं. पायथन ३ मधलं ‘राउंड’ मात्र २ देतं, कारण बरोबर मध्यावरची संख्या ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. म्हणून अडीचचे २ आणि साडेतीनचे ४. दोन्ही संकेत आपापल्या जागी रीतसर आहेत. पण पासबुकात कुठला आकडा पडावा हे संस्थेनं ठरवायचं असतं. ‘व्याज पूर्ण रुपयांत काढून दे’ एवढंच यंत्राला सांगितलं, तर ते यंत्र ठरवतं. कोड दिसायला इतका सुबक असतो की इथे काहीतरी ठरवलं गेलंय, याचाच कुणाला पत्ता लागत नाही.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ साली ‘प्रोग्रॅमिंग ॲज थिअरी बिल्डिंग’ नावाचा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रोग्रॅम म्हणजे फक्त लिहिलेल्या ओळी नव्हेत. त्या ओळी तशा का आहेत, याची लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असलेली समज हा त्याचा गाभा. ती समज असलेली माणसं पांगली की कोड शाबूत असूनही प्रोग्रॅम मेलेला असतो.

योगायोग असा, की त्याच वर्षी थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचे अपघात सुरू झाले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना बेसुमार किरण दिले गेले, काही दगावले. या यंत्रात आधीच्या मॉडेलांचा कोड पुन्हा वापरला होता. थेराक-२० या जुन्या यंत्रात कोडमधली चूक पोटात घालणारी स्वतंत्र यांत्रिक सुरक्षा होती. नव्या यंत्रात ती काढून टाकली आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. तो कोड आजवर कशाच्या आधारावर उभा होता, ही समज मात्र त्याच्याबरोबर आली नाही. यात एआय कुठेच नव्हतं. न समजलेला कोड वापरायची खोड माणसांची आणि जुनीच आहे. एआयनं तिला वेग दिला.

मला खरी काळजी आहे ती नव्यानं या धंद्यात येणाऱ्या मुलांची. त्या अडीच रुपयांपाशी थबकायचं असतं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. कंटाळवाणा कोड वर्षानुवर्षं लिहून, दुसऱ्यांचा त्याहून कंटाळवाणा कोड वाचून ती नजर आली. तीच हमाली आता आपण यंत्राकडे सोपवतोय, आणि वर नव्या मुलांना सांगतोय, ‘यंत्राचं काम तुम्ही तपासा.’ कशाच्या बळावर तपासायचं त्यांनी? उद्या जाब देऊ शकणारी माणसं आजच घडवावी लागतात, आणि त्यासाठी त्यांना हळू काम करायला वेळ आणि पगार द्यावा लागतो. कंपन्यांना हा खर्च अनाठायी वाटतो, कारण त्याचं फळ या तिमाहीत दिसत नाही.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. यंत्र बंद करून, समोरच्या माणसाला साध्या मराठीत ‘हे असं का?’ समजावून सांगता आलं, तरच त्या कोडवर माझं नाव घालायचं. यात वेळ जातो. एआयनं वाचवलेला बराचसा वेळ यातच जातो, हेही मान्य. पण पासबुक घेऊन काउंटरशी उभ्या असलेल्या माणसाला ‘सिस्टीमनं केलंय’ हे उत्तर आपण आधीच फार वेळा दिलेलं आहे.