नमुन्यातून गळलेली माणसे

ऑनलाइन सर्वेक्षण दृष्टिहीन माणसाला भरता येईल की नाही, हे त्यातल्या प्रश्नांपेक्षा त्यामागच्या रचनेवर ठरते. दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधाराने. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो आणि माउसऐवजी टॅब, बाण व स्पेसबार या कळांनी पुढे सरकता येते. टेड हेंटर या दृष्टिहीन अभियंत्याने १९८९ मध्ये बाजारात आणलेला ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर अनेकांना परवडत नसे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला आणि जेम्स तेह या दृष्टिहीन सहकाऱ्यासह विकसित केलेला ‘एनव्हीडीए’ मात्र मोफत मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असतो. मराठी वाचणारे आवाजही उपलब्ध आहेत. साधन हाती आहे. अडवतो तो सर्वेक्षणाचा अर्ज.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ५ लाख ७४ हजार दृष्टिबाधित व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे दर २०० माणसांमागे जवळपास एक. त्याच जनगणनेत भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या ७ लाखांच्या वर होती. राज्याचे प्रमाण लावले, तर या एका शहरात साडेतीन हजारांच्या आसपास दृष्टिबाधित नागरिक धरावे लागतात. भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्लीत पाणी किती वेळ येते, कचरा कधी उचलला जातो, रस्त्यावरून चालणे किती सुरक्षित आहे, हे यांतल्या कोणालाही विचारावे. डोळस शेजाऱ्याच्या ध्यानात न येणारे तपशील तिथे मिळतील. उघड्या गटाराची जागा काठीने चालणाऱ्यालाच सर्वांत नेमकी ठाऊक असते.

अर्ज अडवतो तो बहुधा साध्या चुकांनी. प्रश्न आणि उत्तराचे बटण पडद्यावर शेजारी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते जोडलेले नसतील तर स्क्रीन रीडर नुसते ‘रेडिओ बटण, निवडलेले नाही’ एवढेच म्हणतो. कोणत्या प्रश्नाचे, कोणत्या पर्यायाचे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. सर्वांत जाचक प्रकार तक्त्याचा. डावीकडे पाणी, वीज, रस्ते, आरोग्य, वर ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत पाच रकाने, मध्ये वीस गोल. डोळ्यांना हा तक्ता क्षणात उमगतो. कानांना मात्र तो एका ओळीत वाहत येतो, आणि चौदाव्या गोलाशी पोचेपर्यंत ओळ कुठली, रकाना कुठला, याचा हिशेब सुटतो. तक्त्याचे मथळे संगणकाला नीट ओळखू येतील असे लिहिले तर अडचण कमी होते. तरी त्याच तक्त्याचे चार स्वतंत्र प्रश्न करणे अधिक चांगले. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर डोळसांनाही त्याचा फायदाच होतो.

सरकपट्टी, ताऱ्यांचे मानांकन आणि पर्याय ओढून क्रम लावणे यांना कळफलकाने चालणारा साधा पर्याय हवा. चूक झाल्याचे केवळ लाल रंगाने सांगू नये. कोणत्या प्रश्नात काय राहिले ते शब्दांत सांगून वापरणाऱ्याला थेट तिथे न्यावे. वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवता आली पाहिजे. चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा म्हणजे तर बंद दारच. या सगळ्याचे नियम वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत लिहिलेले आहेत. ती १९९९ पासून आहे, आणि तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली.

मराठी अर्जांचे दुखणे याहून वेगळे आहे. मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर पडद्यावर मराठी दिसते आणि कानावर रोमन अक्षरांची निरर्थक माळ पडते. सूचना चित्राच्या किंवा स्कॅन केलेल्या पानाच्या रूपात टाकल्या, तर कानावर काहीच पडत नाही. पानाची भाषा मराठी असल्याची खूण संगणकाला दिलेली नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा अडखळत वाचतो. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगूही बोलल्या जातात. तिथल्या सर्वेक्षणात प्रत्येक भाषेची खूण वेगळी हवी आणि भाषा निवडण्याचे बटण टॅब पहिल्यांदा दाबताच सापडायला हवे.

अर्ज अर्ध्यात सुटला की त्याची नोंद ‘नकार’ अशी होत नाही. बहुतेकदा ती होतच नाही. अहवालात हजारो उत्तरे दिसतात आणि नमुना शहराचे प्रतिनिधित्व करतो असे मानले जाते. उत्तरांची संख्या कितीही वाढवली तरी ही त्रुटी भरून निघत नाही, कारण गळणारी माणसे दरवेळी तीच असतात. म्हणून सुगम्यता हा सौजन्याचा भाग मानणे चूक आहे. ती आकडेवारीच्या खरेपणाची अट आहे. घरातल्या कोणाकडून अर्ज भरून घेणे हा उपायही अपुरा. उत्पन्न, आजार, घरातली मारहाण यांविषयीचे उत्तर मुलासमोर किंवा नवऱ्यासमोर मोठ्याने सांगावे लागले, तर ते बदलते. मतदान यंत्रावर ब्रेल खुणा आहेत त्या याच कारणासाठी.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ इलेक्ट्रॉनिक माध्यमे सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले. त्याच न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोच राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरली. २०२७ ची जनगणना डिजिटल असून तीत नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय ठेवलेली आहे. दृष्टिहीनांची संख्या मोजणारा अर्जच त्यांना भरता येणे, ही या कायद्याची पहिली मोठी कसोटी आहे.

असा अर्ज तपासण्याची रीत सोपी आहे. स्वयंचलित तपासणीला सुटलेले लेबल सापडते, पण प्रश्न ऐकून समजतो का हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसे लागतात, आणि ती मसुद्याच्या टप्प्यावरच हवीत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आणि १९५२ पासूनची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड भिवंडीपासून फार दूर नाहीत. चाचणी तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात, स्वस्त फोनवर, एका कानात इअरफोन घालूनही व्हावी, कारण निजामपुऱ्यात अर्ज अशाच परिस्थितीत भरला जाईल. कोणत्या प्रश्नावर किती जण थांबले याची नोंद ठेवावी, आणि फोनवरून उत्तर देण्याचा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत द्यावा.