मर्यादांशी इमान

चेन्नईच्या टी. नगरात वाणी महाल, कृष्ण गान सभा यांसारख्या जुन्या सभा आहेत. अशा सभेत तमिळ हरिकथा ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला मध्येच ओळखीची चाल भेटते. भाषा तमिळ, परंतु साकी आणि दिंडी मराठी कीर्तनातल्या. १९ व्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची ही धाटणी तमिळ हरिकथेत रुजवली. दिंडीच्या चरणात ९ आणि १० अशा १९ मात्रा असतात. भाषा पालटली तरी हा हिशेब पाळावाच लागतो. तो मोडला, तर शब्द कितीही गोड असोत, दिंडी उरत नाही.

एका यंत्रासाठी रचलेली कृती दुसऱ्या यंत्रात नेताना हाच प्रश्न उभा राहतो. जुन्या खेळयंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली म्हणजे एम्युलेटर. तो विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड अशा निरनिराळ्या प्रणालींवर उतरवताना चित्र, ध्वनी आणि कळा यांची जोडणी प्रत्येक ठिकाणी नव्याने करावी लागते. जुन्या यंत्राचे वर्तन सांगणारा गाभा मात्र तोच राहतो. पण त्या गाभ्यात यंत्राचे केवळ सामर्थ्य जतन करावे, की दौर्बल्यही?

तोमोहिरो निशिकादो यांचा १९७८ सालचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ पाहावा. त्यातला इंटेल ८०८० प्रक्रियक मंद होता. पडद्यावर शत्रूंची गर्दी असे तोवर त्यांची चाल संथ राही. ते मरत तसतसा यंत्राचा भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने सरकू लागत. निशिकादोंनी हा दोष तसाच ठेवला आणि खेळातली उत्कंठा त्यातूनच आली. आजचा संगणक त्याहून हजारो पटींनी वेगवान आहे. त्याने आपला वेग आवरला नाही, तर खेळणाऱ्याचा हात कळीपर्यंत पोहोचण्याआधीच डाव संपेल.

सुधारणा मुळीच करू नये, असे नाही. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या यंत्रात एका आडव्या रेषेवर ८ हून अधिक हलत्या आकृती दिसू शकत नसत, म्हणून चित्र लुकलुके. काही एम्युलेटर ही मर्यादा काढून टाकण्याची मुभा देतात; खेळणारा ती जाणूनबुजून घेतो, तोवर त्यात गैर काही नाही. सुधारलेले रूप मूळ म्हणून पुढे करणे मात्र अन्यायाचे आहे. कारण जुनी यंत्रे झिजत चालली आहेत. ती संपल्यावर नकलेची चूक दाखवणारा साक्षीदार राहणार नाही, आणि पुढच्या पिढीला जे हाती येईल तेच खरे मानावे लागेल. ज्याची लबाडी कधीच उघडकीला येणार नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी इथे लागते.