गोष्ट कुठल्या तारखेपासून सुरू करायची?

नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत काय झालं, हे कुणालाही विचारून बघावं. काही जण 12 तारखेपासून सांगू लागतात: त्रिपुरातल्या कथित हिंसाचाराच्या निषेधाचा मोर्चा निघाला आणि दुकानांवर दगडफेक झाली. काही जण 13 तारखेपासून: भाजपनं बंद पुकारला, जमाव रस्त्यावर उतरला, तोडफोड झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं. दोन्ही दिवस खरे आहेत. सांगणारा फक्त एक दिवस ठळक करतो आणि दुसरा पुटपुटतो.

माध्यमांच्या पक्षपाताबद्दल बोलताना लोक खोट्या बातम्यांवर तुटून पडतात. खोटी बातमी मात्र निदान पकडता तरी येते. सगळा मजकूर खरा आणि सुरुवात सोयीची, अशी बातमी कुठल्याही तक्रारीत सापडत नाही. वऱ्हाडाला हा अनुभव दंगलीपेक्षा कापसात जास्त आला आहे.

तालुका प्रतिनिधीनं पाठवलेली एककॉलमी बातमी इथल्या प्रत्येक वाचकाला तोंडपाठ आहे. शेतकऱ्याचं वय, तीन-चार एकर कोरडवाहू, विषारी औषध प्राशन, ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात हलवलं, पश्चात पत्नी आणि दोन मुलं. बातमी सुरू होते औषधाच्या डब्यापासून. कापसाचा चुकारा कधी मिळाला, बँकेनं नवं कर्ज कधी नाकारलं, सावकाराकडे किती थकले, यातलं काही त्या आठ ओळींत मावत नाही. मग तलाठ्याचा अहवाल, सातबारा, कर्जाचा दाखला असा कागद फिरतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. हा निकाल येईपर्यंत त्या घराकडे बातमीदार सहसा पुन्हा फिरकलेला नसतो.

2005 साली राज्य सरकारनं कापसावरचा क्विंटलमागे 500 रुपयांचा आगाऊ बोनस काढून घेतला. गोष्ट तिथून सांगायला सुरुवात केली असती, तर पुढच्या वर्षीच्या आत्महत्या हे कुणाच्या तरी धोरणाचं फळ दिसलं असतं. सुरुवात डब्यापासून झाली, म्हणून ती नशिबाची आणि खचलेल्या मनाची गोष्ट झाली. त्याच सुमारास मुंबईतल्या लॅक्मे फॅशन वीकला 512 अधिकृत पत्रकार हजर होते आणि विदर्भातल्या आत्महत्या जागेवर जाऊन लिहिणारे राष्ट्रीय माध्यमांचे पत्रकार बोटावर मोजण्याइतके, ही नोंद पत्रकार पी. साईनाथ यांची. तिथे मिरवले जात होते ते कपडेही सुतीच होते. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले, वऱ्हाडचे पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि कॅमेरे त्यांच्यासोबत आले तसे त्यांच्यासोबतच गेले.

सत्ता बदलली की आत्महत्यांची बातमी कोण उचलतो, तेही बदलतं. 2014 पूर्वी भाजप-शिवसेना याच आकड्यांवर सभागृह दणाणून सोडत. 2017 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीनं ‘संघर्ष यात्रा’ काढली ती त्याच प्रश्नावर. आकडा तोच असतो, पण काल तो मथळ्यात घेणारा आज आतल्या पानावर ढकलतो.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘चांगल्या’ बातम्या. दैनिक भास्कर समूहानं जानेवारी 2015 मध्ये ‘नो निगेटिव्ह मंडे’ आणला. त्याच समूहाचं ‘दिव्य मराठी’ अकोल्यातूनही निघतं. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. वाईट शब्द खपतो, हेही खरंच. अपवर्दी या अमेरिकी संकेतस्थळाच्या लाखाहून अधिक मथळ्यांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण सरासरी 2.3 टक्क्यांनी वाढतं, असं त्यात आढळलं. पण 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या कुणी सोमवारसाठी मागे ठेवल्या असत्या तर? त्या कटू बातम्यांमुळेच सरकार हललं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या बातमीतही खोट होती, पण ती कडवटपणाची नव्हे: मेळघाटातल्या धारणी-चिखलदरा तालुक्यांची आठवण पावसाळ्यात, मुलं दगावू लागल्यावर यायची. डॉक्टरांची रिकामी पदं उन्हाळ्यातही रिकामीच असतात.

राजकीय कल येतो तरी कुठून? मालकाच्या विचारसरणीतून येतो, हे सगळ्यांना दिसतं. खालच्या पायरीचा व्यवहार कमी दिसतो. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नाममात्र किंवा नाहीच, जाहिरातीवर कमिशन. दिवाळी, 15 ऑगस्ट आणि नेत्यांचे वाढदिवस हा त्याचा हंगाम. बाजार समितीच्या सभापतीकडून वाढदिवसाची अर्ध्या पानाची पुरवणी आणायची आणि त्याच समितीतल्या काट्याच्या तक्रारीही लिहायच्या, ही कसरत कुणाला जमावी? संपादकीयात कितीही निःपक्षपणा असो, कल तालुक्यातच ठरून येतो.

2009 च्या विधानसभा निवडणुकीत हाच व्यवहार राज्याच्या पातळीवर उघडा पडला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत जवळपास जसाच्या तसा बातमी म्हणून छापून आला. वृत्तपत्रीय जाहिरातींवर त्यांनी दाखवलेला खर्च होता 5,379 रुपये. चव्हाणांनी आरोप फेटाळला. निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2014 मध्ये रद्द केला. पण तोवर ‘पेड न्यूज’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला होता.

उलट, उघड बाजू घेणाऱ्या पत्राचं वऱ्हाडाला वावडं नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, त्याच वर्षी त्यांचं ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं होतं. ते कुणाच्या बाजूचं आहे, हे नावातच लिहिलं होतं. अकोल्याचं ‘देशोन्नती’ शेतकरी चळवळीतल्या प्रकाश पोहरेंचं. वाचक त्यातला कल वजा करून वाचतो, किंवा त्यासाठीच घेतो. बाजू सांगून टाकली की हिशेब करता येतो.

अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडे विभागातल्या आत्महत्यांची 2001 पासूनची महिनावार नोंद आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर त्यातली एक बेरीज सगळीकडे छापून येते. त्याच महिन्यात अकोल्याच्या बाजारात कापूस काय भावानं गेला, तो आकडा त्याच पेपरात बाजारभावाच्या चौकटीत असतो. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापायला मालकाची विचारसरणी बदलावी लागत नाही, पान लावणाऱ्यानं एक चौकट सरकवली तरी पुरे.