निर्दोष, पण मोकळा नाही

पुण्याकडे कुणी विचित्र वागले की ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात. आमच्या देगलूर-बिदर भागात ‘एर्रागड्डा’ एवढे म्हटले तरी पुरते. हैदराबादचे ते मनोरुग्णालय निजामाच्या काळी आपल्या जालन्यात होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

माझा मावसभाऊ मजुरीसाठी हैदराबादला गेला. तिथे भ्रमाच्या भरात त्याच्या हातून सोबत्याचा जीव गेला. आपण काय करतो आहोत हे कळण्याच्या अवस्थेत तो नव्हता, म्हणून कोर्टाने कलम ८४ खाली त्याला निर्दोष सोडले. १८६० च्या दंडसंहितेतले हे कलम. जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते २२ वे झाले.

सोडले, म्हणजे एर्रागड्ड्याला ठेवले. अशा माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवावे किंवा नातलगाच्या वा मित्राच्या हवाली करावे, असे कायदा सांगतो. नेणाऱ्याने मात्र त्याची काळजी घेण्याची, आणि त्याच्याकडून कुणाला इजा होणार नाही याची हमी द्यायची. यात गैर काही नाही. मेलेल्यालाही आई होतीच की!

पुढे त्याला आराम पडला. मावशी हयात नाही. हमी माझ्याकडे मागितली गेली. घरात लहान लेकरे. मी म्हणालो, ‘बघू.’

आसामच्या माचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली. त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले. १९६७ मध्ये ते बरे झाल्याचे ठरले, तरी रवानगी तुरुंगातच झाली. सुटले ते २००५ साली; खटला न चालता चौपन्न वर्षे! वाचून मला सरकारचा संताप आला. मग मनात आले, माझ्या भावाचा कागद कुणी हरवलेला नाही. तो माझ्याच ‘बघू’पाशी अडला आहे.

जन्मठेपेच्या कैद्याचाही चौदा वर्षांनी सुटकेसाठी विचार होऊ शकतो. ‘बघू’ला मुदत नसते. दोष आजाराचा, माणसाचा नव्हे, हे मला कोर्टात पटले होते, उंबऱ्याशी पटेना. सावधपणा म्हणून मी जे जपत होतो, ती शिक्षाच होती, आणि ती ठोठावणारा मी होतो.

यंदा दिवाळीआधी जाऊन आलो. डॉक्टरांनी औषधांच्या वेळा समजावल्या. भावाने विचारले, “दादा, लेकरं बरी आहेत का?”

परतल्यावर बायकोशी बोललो आणि अर्ज केला. गोळ्या मी माझ्या हाताने देणार आहे. भीती अजून गेलेली नाही. पण ती माझी आहे. तिच्यापायी त्याने आत का राहावे?