परक्या फौजेचा मुक्काम

लढाई संपल्यावर परक्या फौजेनें दुसऱ्याच्या मुलखांत किती काळ राहावें, हा प्रश्न वाचतांना आपल्या डोळ्यांपुढें काबूल, बगदाद, टोकियो अशीं दूरचीं नांवें येतात. परंतु ज्या दिग्रस गांवीं बसून प्रस्तुत लेखक हें लिहीत आहे, तेथील कुणब्यानें या प्रश्नाचें मोल रोकडीनें मोजलें आहे. १८५३ पासून १९०३ पर्यंत, पुरीं पन्नास वर्षें, वऱ्हाडचा सारा एका अशा फौजेच्या खर्चास लावून दिलेला होता, कीं जिची लढाई १८१८ सालींच संपली होती.

हकीकत अशी. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांव व डिसेंबरांत गाविलगड येथें आर्थर वेलस्ली यानें भोसल्यांचा मोड केला आणि देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या पदरीं पडला. १८०० च्या तहान्वयें निजामानें युद्धप्रसंगीं सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ इंग्रजांच्या मदतीस द्यावयाचें होतें. युद्धप्रसंगीं, एवढेंच. पुढें रेसिडेंट हेन्री रसेल याच्या वेळीं इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं एक कवायती फौज उभी राहिली. ती नांवाची निजामाची, पण हुकमाची इंग्रजांची. १८१८ त पेशवाई बुडाली, पेंढारी मोडले. फौज मात्र मोडली नाहीं. तिचा खर्च वर्षास सुमारें ४० लाख रुपये. पगार थकले, कर्ज झालें, कर्ज देणारीही अखेरीस कंपनीच. आणि १८५३ त लॉर्ड डलहौसीनें त्या कर्जापोटीं व फौजेच्या पुढील खर्चासाठीं वऱ्हाड आपल्या ताब्यांत घेतला. नवल हें कीं, युद्धानंतर ही फौज पोसण्यास १८०० च्या तहानें निजाम बांधलेला होता असें प्रामाणिक मनुष्य म्हणून आपणांस म्हणवत नाहीं, हें याच डलहौसीनें त्याच वर्षीं स्वतःच्या टिपणांत लिहून ठेविलें आहे. इतकें लिहूनही त्यानें मुलूख घेतलाच.

आतां याच काळाचें दुसरें चित्र पाहावें. गाविलगड घेणारा वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि नेपोलियनच्या पाडावानंतर फ्रान्समध्यें ठेवलेल्या दीड लाख परक्या सैन्याचा सेनापति झाला. तेथेंही खर्च यजमानाच्याच माथीं होता. मात्र १८१५ च्या तहांतच मुदत लिहिलेली होती: फार तर पांच वर्षें, आणि तीन वर्षांनीं फेरविचार. १८१८ च्या शरदांत ए-ला-शापेल येथें राजेमंडळी जमली आणि तें सैन्य नोव्हेंबरअखेर फ्रान्सबाहेर पडलें. त्यास वेलिंग्टनचीही संमति होती. साल तेंच, पॅरिसकडे एक न्याय आणि हैदराबादकडे दुसरा!

हा फरक कशानें पडला? युरोपीयांच्या रंगाभिमानानें, असें उत्तर चटकन सुचतें, व तें सर्वस्वी खोटें नाहीं. पण पुरेसें नाहीं. फ्रान्समध्यें फौज ठेवणारीं राज्यें चार होतीं व तीं एकमेकांवर डोळा ठेवून होतीं; मुक्काम लांबवून मुलूख गिळण्याची सोय एकासही नव्हती. हैदराबादेंत सेनापति, सावकार आणि न्यायाधीश एकच. फौजेची गरज उरली कीं नाहीं हें ज्यानें ठरवावयाचें, त्याचाच फायदा ती राहण्यांत होता. अशा ठिकाणीं वर्षांचा हिशेब काय कामाचा?

यावर आक्षेप असा कीं, लवकर उठणेंही घातक ठरतें. १९१९ च्या तहानें र्‍हाईनकांठीं पंधरा वर्षांपर्यंत फौज ठेवावयाची होती. ती १९३० त, पांच वर्षें आधींच, निघाली आणि १९३६ त हिटलरचें सैन्य तेथें शिरलें. आक्षेप पोकळ नाहीं. परंतु त्या दिवशीं फ्रेंच फौज सरहद्दीवर उभीच होती. कमी पडली ती इच्छा, असें मला वाटतें.

आपल्याच सैन्याकडे पाहिलें तर दोन्ही प्रकारचे दाखले मिळतात. १६ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्यास शरणागति झाली आणि १२ मार्च १९७२ रोजीं आपल्या सैन्यानें तेथें निरोपाचें संचलन केलें. श्रीलंकेंत मात्र १९८७ त तेथील सरकारशीं करार करूनच गेलेलें सैन्य १९८९ त तेथल्याच अध्यक्षांना नकोसें झालें. मार्च १९९० त तें परतलें तोंवर हजाराहून अधिक जवान कामास आले होते.

वऱ्हाडास इंग्रजी अंमलांत रेल्वे मिळाली, कापसाच्या पेठा मिळाल्या, हें कोणी सांगेल. खरें आहे, आणि निजामाचा अंमल म्हणजे कांहीं स्वराज्य नव्हे. पण दिग्रसच्या शेतकऱ्यास या दोहोंपैकीं कोणी केव्हां विचारिलें? सर सालारजंगानें १८७० नंतर तोड सुचविली होती, कीं रोकड ठेव घ्या, तिच्या व्याजांतून फौजेचा पगार भागवा आणि वऱ्हाड परत द्या. ती नाकारली गेली. पैशाची काळजी खरी असती, तर एवढी पक्की हमी दुसरी कोणती होती? १९०२ त लॉर्ड कर्झननें सालिना २५ लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. १९०३ त ती फौज हिंदी सैन्यांत विलीन होऊन नाहींशी झाली, आणि वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. ज्या कारणानें मुलूख घेतला तें कारण गेलें, मुलूख तेथेंच राहिला. १९३६ च्या करारानें निजामाच्या वडील मुलास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मात्र मिळाली.